आधी नियम, मग गुणधर्म: अग्रशाळेच्या आरक्षणावरून क्लासची मांडणी

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांच्या कोडमध्ये एक चूक सतत दिसते. फॉर्मवर जितके रकाने, तितके गुणधर्म क्लासमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या गोष्टीची माहिती आणि वागणूक एकत्र सांगणाऱ्या कोडच्या साच्यात, घातले जातात. प्रत्येक गुणधर्माला एक गेटर (किंमत वाचून देणारं फंक्शन) आणि एक सेटर (किंमत बदलणारं फंक्शन) जोडला जातो आणि क्लास तयार झाला असं धरून पुढचं काम सुरू होतं. नियम मात्र कुठेतरी बटणाच्या कोडमध्ये, थोडे पावतीच्या कोडमध्ये, थोडे डेटाबेसच्या क्वेरीत पसरलेले असतात. महिनाभराने एकाच खोलीत दोन कुटुंबं येऊन उभी राहतात आणि चूक नेमकी कुठे शोधायची तेच कळत नाही.

हा लेख क्रमाबद्दल आहे. कोणत्या गोष्टीनंतर कोणती करायची एवढं सांभाळलं, तर बहुतेक चुका घडतच नाहीत. उदाहरणासाठी एका काल्पनिक देवस्थानाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना मुक्कामासाठी खोल्या देणारी इमारत, घेतली आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी अशा ठिकाणी गेलेल्यांना अग्रशाळेचं काम कसं चालतं हे वेगळं सांगायला नको. इथले दर आणि नियम मी उदाहरणापुरते ठरवले आहेत. भाषा मुख्यतः पायथन धरली आहे. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये जिथे वागणूक बदलते तिथे तसं सांगितलं आहे. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून खालच्या ओळींत नावं तशीच ठेवली आहेत.

## तयारी: कीबोर्डला हात लावण्याआधी

एक कोरा कागद आणि काम करणाऱ्या माणसाची वही, एवढं पुरे. अग्रशाळेचा व्यवस्थापक आज ज्या वहीत नोंदी करतो ती बघायला मागा. छापील रकान्यांपेक्षा समासातल्या खुणा जास्त कामाच्या असतात. ‘नळ दुरुस्ती, देऊ नये’, ‘अनामत बाकी’, ‘तारीख पुढे ढकलली’ असं काही तिथे लिहिलेलं असेल, तर तुमचे खरे नियम तेच. छापील फॉर्म बहुधा कुणीतरी कधीतरी दुसऱ्या फॉर्मवरून उतरवलेला असतो.

व्यवस्थापकाला ‘तुम्हाला कोणती माहिती साठवायची आहे?’ असं विचारू नका. उत्तरात पुन्हा रकानेच मिळतील. ‘काय झालं की भांडण होतं?’ असं विचारा.

## टप्पा १: नियम पूर्ण वाक्यांत लिहा

प्रत्येक नियम एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट लिहा. आपल्या अग्रशाळेसाठी ही यादी पुरेल:

१. एका खोलीत एका रात्री एकच आरक्षण असेल.
२. निघण्याचा दिवस येण्याच्या दिवसानंतरचाच असेल.
३. जत्रेच्या रात्रींना वेगळा दर लागेल.
४. ठरलेलं भाडं नंतर दर वाढले तरी बदलणार नाही.
५. दुरुस्तीसाठी बंद असलेली खोली कुणाला देता येणार नाही.
६. रद्द केलेलं आरक्षण पुन्हा चालू होणार नाही. नवं करावं लागेल.
७. हिशेब मिटल्याशिवाय ‘निघाले’ अशी नोंद होणार नाही.

तपासा: यादीत ‘खोलीला क्रमांक असतो’, ‘पाहुण्याला नाव असतं’ अशी वाक्यं शिरली आहेत का? ती वर्णनं झाली. वेगळ्या कागदावर लिहून बाजूला ठेवा. जे वाक्य मोडलं तर कुणाचं तरी नुकसान होतं, तोच नियम.

## टप्पा २: प्रत्येक नियमाला मालक ठरवा

घाई होते ती इथे. नामं शोधली, प्रत्येक नामाचा क्लास केला, झालं, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी शिकवतात. सुरुवातीला ती ठीक वाटते, पण नियम कुणी सांभाळायचा हे त्यातून ठरत नाही. त्यापेक्षा प्रत्येक नियमापुढे एकच प्रश्न लिहा: हा नियम पाळला जातोय की नाही हे सांगायला कोणती माहिती एकत्र लागते? ती माहिती ज्याच्याकडे आहे, तो त्या नियमाचा मालक.

नियम २ बघा. त्याला फक्त दोन तारखा लागतात. पाहुणा नको, खोली नको. म्हणजे या दोन तारखांचाच एक छोटा क्लास व्हायला हवा. त्याला ‘मुक्काम’ म्हणू. बरेच जण दोन्ही तारखा आरक्षणात सुट्या ठेवतात आणि मग तारखांची तपासणी तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहितात.

आता नियम १. हा आरक्षणाकडे द्यावा असं चटकन वाटतं. पण एका आरक्षणाला दुसऱ्या आरक्षणांची माहितीच नसते. मग खोलीकडे द्यावा का? देता येईल, खोलीने आपली आरक्षणं स्वतःजवळ ठेवायची. पण मुंबईहून वा कारवारहून येणारे कुळावी (ज्यांचं कुलदैवत इथे आहे असे भाविक) ‘अमुक तारखांना कुठलीही मोकळी खोली द्या’ असं सांगतात, ‘१०४ नंबर द्या’ असं नाही. तो प्रश्न सगळ्या खोल्यांना मिळून विचारावा लागतो. म्हणून मी इथे ‘आरक्षणवही’ असा वेगळा क्लास करतो. सगळी आरक्षणं तिच्याकडे, आणि दोन आरक्षणं एकमेकांवर येत नाहीत ना हे बघण्याची जबाबदारीही तिचीच. कागदावरही ते काम वहीच करत होती.

नियम ३ ला जत्रेच्या तारखा लागतात. जत्रा तिथीवर असते. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, मंगेशीची माघात. इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. म्हणून त्या तारखा खोलीच्या क्लासमध्ये लिहून ठेवणं चूक. ‘दरपत्रक’ नावाचा वेगळा क्लास करा. जत्रेचे दिवस आणि दर त्याच्याकडे राहतील.

नियम ४, ६ आणि ७ आरक्षणाचे. नियम ५ मध्ये खोली बंद आहे की नाही हे खोलीला माहीत असतं, पण आरक्षण नाकारायचं काम वहीचं.

सावधान: एखाद्या क्लासकडे एकही नियम आला नाही, तर तो क्लास हवाच का हे स्वतःला विचारा. आपल्या यादीत ‘पाहुणा’कडे एकही नियम नाही. तो माहितीचा साधा गठ्ठा म्हणून राहू द्या. त्यात वागणूक ओढूनताणून भरू नका.

## टप्पा ३: गुणधर्म निवडा

आता वर्णनांचा तो बाजूला ठेवलेला कागद घ्या. प्रत्येक गुणधर्माला तीन प्रश्न विचारा. कोणत्या तरी नियमाला किंवा छापायच्या कागदाला हा लागतो का? दुसऱ्या गुणधर्मांवरून काढता येतो का? आणि तो खरोखर याच ऑब्जेक्टचा (क्लासच्या साच्यावरून बनलेल्या एकेका वस्तूचा) आहे का?

पहिला प्रश्न निम्मी यादी कापतो. दुसऱ्यात लोक हमखास फसतात. ‘रात्री’ हा गुणधर्म साठवला आणि नंतर मुक्काम एका दिवसाने वाढला, तर रात्रींचा आकडा जुनाच राहतो आणि पावती चुकते. रात्री तारखांवरून काढता येतात. त्या मेथडने (क्लासमधल्या फंक्शनने) किंवा प्रॉपर्टीने (गुणधर्मासारखी वापरता येणाऱ्या मेथडने) काढा, साठवू नका. वयाचंही तसंच: जन्मतारीख साठवा, वय काढा.

पण ‘काढता येतं ते साठवू नये’ हे डोळे मिटून लावलं की नियम ४ मोडतो. एक हिशेब करून बघू. साधा दर ₹६००, जत्रेच्या रात्रीचा ₹९००. तीन रात्रींचा मुक्काम, त्यातली एक जत्रेची. भाडं झालं ६०० + ६०० + ९००, म्हणजे ₹२१००. पाहुण्याला तसा कागद मिळाला. पुढच्या महिन्यात समितीने साधा दर ₹७०० केला. भाडं दर वेळी दरपत्रकावरून काढलं जात असेल, तर चावी परत करताना पडद्यावर ₹२३०० दिसतील आणि पाहुण्याच्या हातात ₹२१०० चा कागद असेल. आरक्षण करताना ठरलेले दर म्हणजे त्या क्षणाचा करार आहे. तो आरक्षणात साठवायलाच हवा, आणि शक्यतो रात्रीगणिक, म्हणजे ६००, ६००, ९०० असा. नुसती बेरीज साठवली तर एक रात्र कमी झाल्यावर किती वजा करायचे हे कळणार नाही. बेरीज मात्र काढा, साठवू नका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तम उदाहरण ‘महाजन आहे का’ हे. महाजन म्हणजे देवस्थानाच्या कारभारात हक्क असलेला सदस्य. बहुतेक जण तो पाहुण्याच्या क्लासमध्ये हो-नाही असा गुणधर्म करतात. पण एका देवस्थानाचा महाजन दुसऱ्या देवस्थानात साधा भाविक असू शकतो. म्हणजे हा गुणधर्म माणसाचा नाही. माणूस आणि देवस्थान यांच्या नात्याचा आहे. तुमची प्रणाली एकाच देवस्थानापुरती असेल तर तो पाहुण्यात ठेवून भागेल, पण ते समजून उमजून ठरवा.

प्रकार निवडताना दोन गोष्टी पाळा. खोलीचा क्रमांक आणि फोन नंबर हे आकडे दिसले तरी मजकूर म्हणून ठेवा. ‘जुनी इमारत ३’ अशीही खोली असते, पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या पाहुण्याच्या नंबरापुढे अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड येतो, आणि या आकड्यांची कुणी बेरीज करत नाही. पैशांसाठी फ्लोट (दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार) वापरू नका; त्यात ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ होत नाहीत. पूर्ण पैशांत ठेवा किंवा डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा प्रकार) वापरा.

## टप्पा ४: ऑब्जेक्ट तयार झाला की तो वैधच असला पाहिजे

रिकामा ऑब्जेक्ट बनवायचा आणि मग एकेक सेटर मारत तो भरायचा, ही सवय सोडा. मधल्या वेळात तो ऑब्जेक्ट अर्धवट असतो, आणि कुणी तो तसाच वापरला तर चूक दूर कुठेतरी जाऊन फुटते.

मुक्काम तयार करताना कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) येण्याचा आणि निघण्याचा दिवस मागा. निघणं येण्यानंतरचं नसेल तर तिथेच एरर द्या. चुपचाप तारखांची अदलाबदल करून वेळ निभावून नेऊ नका. टाइप करणाऱ्याने महिना चुकवला असेल तर ती चूक त्याला दिसली पाहिजे.

मुक्काम न बदलणारा ठेवा. पायथनमध्ये ३.७ पासून डेटाक्लास आहे, गुणधर्मांच्या यादीवरून कन्स्ट्रक्टर आपोआप लिहून देणारा. त्याला फ्रोझन केलं की तयार झाल्यावर त्याचे गुणधर्म नेहमीच्या पद्धतीने बदलता येत नाहीत, आणि तपासणी कन्स्ट्रक्टरनंतर लगेच चालणाऱ्या पोस्ट-इनिट मेथडमध्ये लिहिता येते. जावामध्ये हेच काम ‘रेकॉर्ड’ हा प्रकार करतो.

असं का करायचं हे तारीख बदलताना लक्षात येतं. समजा मुक्काम १० ते १२ होता आणि तो १५ ते १७ करायचा आहे. दोन वेगळे सेटर असतील, तर आधी येण्याचा दिवस १५ केला की त्या क्षणी ‘१५ ते १२’ असा मुक्काम होतो. तपासणी कडक असेल तर योग्य बदलही नाकारला जातो. सैल असेल तर चुकीचाही आत येतो. जुना मुक्काम काढून त्याच्या जागी अख्खा नवा ठेवला, तर मधली अवस्था येतच नाही.

सावधान: जावामध्ये ज्या गुणधर्माला किंमत दिली नाही त्याला आपोआप शून्य, फॉल्स किंवा नल मिळतं. दर भरायचा राहिला तर एरर येणार नाही, ₹० ची पावती छापली जाईल. सी प्लस प्लसमध्ये इंटसारख्या साध्या प्रकाराच्या सदस्याला किंमत दिली नाही तर त्यात काय असेल याचा भरवसा नाही. शिवाय तिथे सदस्य क्लासमध्ये ज्या क्रमाने जाहीर केले त्याच क्रमाने तयार होतात; इनिशियलायझर यादीत तुम्ही क्रम बदलून लिहिला तरी.

तपासा: चुकीच्या तारखा देऊन मुक्काम तयार करून पाहा. ऑब्जेक्ट हातात आला तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

## टप्पा ५: हा गुणधर्म क्लासचा की प्रत्येक ऑब्जेक्टचा?

पायथन शिकणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. जावाहून आलेले तर हमखास अडकतात. जावामध्ये क्लासच्या आत, मेथडबाहेर, रिकामी लिस्ट लिहिली आणि पुढे स्टॅटिक नसेल, तर प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची लिस्ट मिळते. पायथनमध्ये त्याच जागी लिहिलेली लिस्ट क्लासची होते, म्हणजे सगळ्यांत मिळून एक.

खोलीच्या क्लासमध्ये, मेथडबाहेर, दोन ओळी आहेत असं समजा: ‘बंद’ला फॉल्स आणि ‘नोंदी’ला रिकामी लिस्ट. खोली१ आणि खोली२ तयार केल्या. आता एकेक ओळ सावकाश चालवू.

खोली१.बंद याला ट्रू दिलं. नेमून दिलेली किंमत त्या ऑब्जेक्टवर लिहिली जाते, म्हणून खोली१ ला स्वतःचा ‘बंद’ मिळाला. खोली२.बंद विचारलं, तर तिच्याकडे स्वतःचा नाही, म्हणून क्लासमधला फॉल्स मिळाला. उत्तर बरोबर. तुम्हाला वाटलं, मांडणी ठीक आहे.

मग खोली१.नोंदी वर अपेंड करून (लिस्टच्या शेवटी भर घालून) ‘नळ गळतो’ घातलं. इथे कुठलीही किंमत नेमली गेली नाही. पायथनने ‘नोंदी’ आधी खोली१ मध्ये शोधली, सापडली नाही, मग क्लासमध्ये सापडली, आणि तीच लिस्ट बदलली. आता खोली२.नोंदी छापा: ‘नळ गळतो’. अग्रशाळेतल्या सगळ्या खोल्यांचा नळ गळायला लागला.

हो-नाही आणि आकड्यांवर ही चूक दिसत नाही. लिस्ट, डिक्शनरी, सेट आले की दिसते. म्हणून ती उशिरा सापडते. खोली१.नोंदी += असं लिहिलं तर गोंधळ आणखी वाढतो: क्लासची लिस्ट जागच्या जागी बदलते, आणि वर तीच लिस्ट खोली१ च्या नावावरही लागते.

उपाय साधा आहे. ज्या गोष्टी प्रत्येक ऑब्जेक्टच्या स्वतःच्या, त्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेल्फवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच, तयार करा. क्लासवर फक्त सगळ्यांना समान आणि न बदलणारं ठेवा. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका. ती फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि मग सगळ्या ऑब्जेक्टांत फिरते. तिथे नन (None, ‘काही नाही’ ही किंमत) द्या आणि आत नवी लिस्ट करा. डेटाक्लासमध्ये थेट रिकामी लिस्ट लिहिली तर पायथन स्वतःच एरर देतो. तिथे डिफॉल्ट-फॅक्टरी वापरा, ती प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नवी लिस्ट बनवते.

तपासा: दोन ऑब्जेक्ट तयार करा, एकाच्या लिस्टमध्ये काही घाला, दुसऱ्याची छापा. शिवाय व्हार्स (vars) फंक्शन ऑब्जेक्टला लावा. त्याचे स्वतःचे गुणधर्म तेवढेच दिसतील. हवा तो त्यात नसेल, तर तो क्लासकडून येतोय.

पायथनमध्ये आणखी एक धोका असतो. आरक्षण.स्थिती ऐवजी घाईत आरक्षण.स्थिति लिहिलंत, तर एरर येत नाही. ऱ्हस्व वेलांटीचा एक नवा गुणधर्म निमूट तयार होतो आणि खरी स्थिती तशीच राहते. रोमन नावांत अक्षर गळलं तरी हेच. क्लासला स्लॉट्स (चालणाऱ्या गुणधर्मांच्या नावांची ठरलेली यादी) दिले की न ठरवलेलं नाव लिहिताच एरर येतो, डेटाक्लासमध्ये ३.१० पासून ते एका पर्यायाने होतं.

## टप्पा ६: बाहेरच्यांना काय दिसेल ते ठरवा

सगळं प्रायव्हेट करून प्रत्येकाला गेटर-सेटर देणं म्हणजे सगळं उघडंच ठेवणं, फक्त ओळी वाढवून. क्रम उलटा ठेवा: सुरुवातीला काहीच बाहेर देऊ नका. कुणाला वाचायची गरज पडली तर वाचण्याची सोय द्या. सेटर मात्र ‘हे एकट्याने बदललं तर कोणताही नियम मोडत नाही’ अशी खात्री पटल्यावरच. पाहुण्याचा फोन नंबर या कसोटीला उतरतो. आरक्षणाचा मुक्काम उतरत नाही.

पायथनमध्ये नावाच्या सुरुवातीची एक अधोरेषा म्हणजे ‘याला बाहेरून हात लावू नका’ हा संकेत. दोन अधोरेषांनी नाव आतून बदललं जातं, पण ते कुलूप नव्हे. मुद्दाम पोचायचं असेल तर पोचता येतं. या दुहेरी अधोरेषेचा खरा उपयोग उपक्लासमध्ये (एका क्लासवरून काढलेल्या दुसऱ्या क्लासमध्ये) नावांची टक्कर टाळण्यापुरता. पायथनमध्ये पहिल्या दिवसापासून गेटर लिहायची गरजही नाही. साधा गुणधर्म ठेवा. उद्या तपासणी लागली तर त्याच नावाची प्रॉपर्टी करा, वापरणाऱ्यांचा कोड बदलत नाही. जावात ही सोय नाही, म्हणून तिथे गेटरची पद्धत रुळली.

सावधान: ‘दर’ नावाच्या प्रॉपर्टीच्या आत पुन्हा सेल्फ.दर लिहिलंत, तर ती स्वतःलाच बोलावत राहते आणि रिकर्जन एरर येतो. आतली किंमत अधोरेषेच्या नावावर ठेवा. कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र प्रॉपर्टीच्याच नावाने किंमत द्या, नाहीतर पहिल्या किमतीची तपासणी टळते.

लिस्ट बाहेर देताना विशेष काळजी घ्या. वहीने आपली आरक्षणांची लिस्ट जशीच्या तशी परत दिली, तर बाहेरचा कुणीही तिच्यात अपेंड करेल आणि नियम १ ची तपासणी बाजूलाच राहील. टपल (न बदलता येणारी यादी) करून द्या. जावामध्ये गुणधर्म फायनल केला म्हणजे लिस्ट सुरक्षित झाली असं समजू नका. फायनलने दुसरी लिस्ट लावता येत नाही, पण त्याच लिस्टमध्ये भर घालता येते. फ्रोझन डेटाक्लासमधल्या लिस्टचंही तेच.

## टप्पा ७: बदल क्रियापदांनी करा

‘स्थिती बदला’ अशी एक सर्वसाधारण मेथड नको. व्यवस्थापक जे शब्द वापरतो तेच वापरा: नोंदवा, चावी द्या, मुक्काम बदला, रद्द करा, निरोप द्या. प्रत्येक मेथड आधी तपासते, मग बदलते. अर्धा बदल करून मग तपासायला गेलात तर एरर आल्यावर ऑब्जेक्ट मध्येच अडकतो.

स्थितीसाठी तीन हो-नाही गुणधर्म ठेवू नका. ‘चावी दिली’, ‘निघाले’, ‘रद्द’ यांच्या आठ जोडण्या होतात आणि त्यातल्या चारच अर्थाच्या असतात. ‘रद्द आणि निघाले’ अशी नोंद मग केव्हातरी सापडतेच. एकच ‘स्थिती’ ठेवा, ईनमची (ठरलेल्या किमतींपैकीच एक घेणाऱ्या प्रकाराची), चार किमतींची: नोंदलेलं, चावी दिलेली, निघाले, रद्द. नियम ६ त्यावरून एका ओळीत पाळता येतो.

आता वहीतलं तारखांचं गणित. दोन मुक्काम एकमेकांवर येतात ते केव्हा?

अ.येणे < ब.निघणे आणि ब.येणे < अ.निघणे

दोन्ही ठिकाणी ‘पेक्षा कमी’ हेच चिन्ह. तिथे ‘कमी किंवा समान’ घातलं, तर १० ते १२ चा पाहुणा सकाळी निघाल्यावर १२ ते १४ च्या पाहुण्याला खोली मिळत नाही, आणि जत्रेच्या गर्दीत खोली रिकामी राहते. रद्द आरक्षणं या तुलनेतून वगळायला विसरू नका.

मुक्काम बदलण्याची मेथड आरक्षणावर एकटी ठेवू नका. बदललेल्या तारखाही बाकीच्यांशी ताडून पाहाव्या लागतात, म्हणून ती वहीतून जावी. तिथे १० ते १२ चं आरक्षण ११ ते १३ करायला गेलं की ते स्वतःच्याच जुन्या तारखांवर आदळतं आणि ‘खोली भरलेली आहे’ असं उत्तर येतं. तुलना करताना त्या आरक्षणाला स्वतःला वगळा.

तपासा: व्यवस्थापकाला मेथडांची फक्त नावं वाचून दाखवा. त्याला एखादं नाव समजावून सांगावं लागलं, तर ते बदला.

## टप्पा ८: इन्हेरिटन्स सगळ्यात शेवटी

इन्हेरिटन्स म्हणजे एका क्लासवरून उपक्लास काढणं. महाजन, कुळावी, भाविक असे पाहुण्याचे तीन उपक्लास करायचा मोह होतो. करू नका. त्यांची वागणूक वेगळी नाही, सवलतीचा आकडा तेवढा वेगळा असेल. तो दरपत्रकात जातो. शिवाय चालू ऑब्जेक्टचा क्लास मध्येच बदलणं त्रासाचं, आणि माणसाचं नातं तर बदलतं. एकच मेथड दोन प्रकारांत खरोखर वेगळी वागते तेव्हाच उपक्लासचा विचार करा.

## टप्पा ९: नियमांच्या यादीवरूनच चाचण्या, आणि नवा नियम आला तर

टप्पा १ ची यादी आता चाचण्यांची यादी होते. प्रत्येक नियमासाठी किमान दोन चाचण्या: एक पाळला जातो तेव्हाची, एक मोडायचा प्रयत्न करणारी. गुणधर्मात ठेवलेली किंमत परत मिळते का, अशा चाचण्यांवर वेळ घालवू नका. काठावरच्या तारखा, रद्द करून पुन्हा केलेलं आरक्षण, दर वाढल्यानंतरची पावती, एका रात्रीचा मुक्काम हे बघा.

मांडणी टिकाऊ आहे का हे नवा नियम आल्यावर कळतं. समजा समितीने ठरवलं: जत्रेच्या आठवड्यात कुणालाही तीन रात्रींहून जास्त खोली मिळणार नाही. मालक शोधा. तारखा मुक्कामाकडे, जत्रेचा आठवडा दरपत्रकाकडे, नाकारण्याचा अधिकार वहीकडे. तीनचा आकडा उद्या चार होईल, म्हणून तो जत्रेच्या तारखांशेजारी गुणधर्म म्हणून ठेवा. कोडमध्ये नुसता ३ लिहू नका.

ही तपासणी वहीच्या ‘नोंदवा’ या मेथडमध्ये घाला, आणि मुक्काम बदलतानाही तीच बोलवा. मुक्कामाच्या किंवा आरक्षणाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र घालू नका. समितीच्या ठरावाआधी कुणी पाच रात्रींचं आरक्षण करून ठेवलं असेल. डेटाबेसमधून ते वर आणताना कन्स्ट्रक्टर चालेल, नवा नियम लागेल, आणि रीतसर पैसे भरलेलं आरक्षण उघडणारच नाही. निघणं येण्यानंतरच असतं हे काल, आज आणि उद्या सारखंच खरं आहे, म्हणून ते कन्स्ट्रक्टरमध्ये शोभतं. समितीचा ठराव ज्या दिवसापासून लागू, त्या दिवसानंतर येणाऱ्या नोंदींपुरता असतो. तो नोंद घेणाऱ्या मेथडमध्येच राहू द्या.